शेवटच्या शिट्टीपूर्वी
(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



क्रीडा-पारितोषिकांच्या समारंभाला बोलावलेला पाहुणा व्यायामाचे महत्त्व सांगणार, शिस्त आणि खिलाडूवृत्ती यांवर दोन शब्द बोलणार, हे आता आपणां सर्वांना पाठ झाले आहे. आज तेवढी सूट मला द्यावी. मी खेळणाऱ्यांविषयी बोलणार नाही. जे सामना पाहायला येतात आणि तो संपण्यापूर्वीच उठून चालू लागतात, त्या प्रेक्षकांविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे. ती मी याच शाळेच्या वर्गांतून वर्षानुवर्षे केली, म्हणून इथेच कबूल करणे योग्य.

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून पंच वर काही मिनिटे देतात. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ऐंशीवे मिनिट उलटले की प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होते. आपला संघ दोन गोलांनी मागे असेल तर रांगाच्या रांगा रिकाम्या होतात. पुढे असेल तरी काही जण उठतातच. असे उठून जाणाऱ्यांची फजिती झाल्याच्या कथा तिकडे पुष्कळ आहेत. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोना येथे युरोपातील क्लबांचा अंतिम सामना होता. सहाव्या मिनिटाला गोल करून जर्मनीचा बायर्न म्युनिक संघ पुढे गेला होता आणि नव्वद मिनिटे पुरी होईतो तसाच पुढे होता. युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन कप देण्यासाठी आपली जागा सोडून लिफ्टने खाली निघाले. ते मैदानावर पोचले तेव्हा जिंकलेले रडत आहेत आणि हरलेले नाचत आहेत, असे काहीतरी चमत्कारिक दृश्य त्यांना दिसले. ते लिफ्टच्या वाटेवर असताना मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शर यांनी भरपाईच्या वेळात दोन गोल केले होते! बिचारे योहान्सन कंटाळून उठले नव्हते, कर्तव्यासाठी उठले होते. तरी चुकले ते चुकलेच.

त्याच मँचेस्टर शहरातील दुसऱ्या क्लबाची, मँचेस्टर सिटीची, गोष्ट १३ मे २०१२ ची. लीगचे विजेतेपद मिळून ४४ वर्षे झाली होती. हा एक सामना जिंकला की ते पुन्हा मिळणार होते, आणि नव्वद मिनिटे झाली तेव्हा ते १-२ असे मागे! काही पाठीराखे डोळे पुसत बाहेर पडले. मग भरपाईच्या वेळात आधी जेको आणि मग अगदी अखेरीस अग्वेरो यांनी गोल केले. चव्वेचाळीस वर्षे वाट पाहायची आणि शेवटची चार मिनिटे धीर सुटायचा, याला काय म्हणावे?

इथवर मी जे सांगितले ते ऐकून आपल्याला वाटेल, गुरुजी नेहमीच्या वळणावर आले. आता धीर धरा म्हणून सांगतील. मीही पूर्वी तसेच सांगत असे. परंतु उठून जाणाऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे.

पूर्वी इंग्लंडात सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू होत, पाच वाजण्याच्या आत संपत, आणि कामगार माणूस चालत किंवा ट्रामने घरी जाई. आता दूरदर्शनच्या सोयीने सामने रात्री, सोमवारी, रविवारी संध्याकाळी, केव्हाही होतात. दोनशे मैलांवरून आलेल्या पाठीराख्याची शेवटची गाडी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. त्यात सामनाही लांबला आहे. २०२२ च्या कतार येथील विश्वचषकात वाया गेलेला वेळ काटेकोरपणे मोजण्याचे ठरले, तेव्हा इंग्लंड-इराण सामन्यातील शेवटचा गोल नव्वद मिनिटे संपल्यावर तेराव्या मिनिटाला झाला. शंभर मिनिटांच्या पुढे गेलेल्या सामन्यातून नव्वदाव्या मिनिटाला उठणारा माणूस पळपुटा म्हणायचा का?

जुन्या काळातील एक प्रथा मला फार आवडते. ब्रिटनमधील पुष्कळ मैदानांवर सामन्याचा पाऊण भाग झाला की फाटके उघडत. लवकर निघणाऱ्यांची सोय व्हावी, म्हणून. पण उघडे फाटक काही एकाच दिशेने चालत नाही. बाहेर तिकिटाला पैसे नसलेली पोरे ताटकळत उभी असत, ती त्याच फाटकातून फुकट आत शिरत आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे पाहत. कित्येकांनी आपल्या आयुष्यातला पहिला सामना असा शेवटाकडून पाहिला. श्रीमंत गृहस्थाला कंटाळा आला म्हणून गरिबाच्या पोराला खेळ दिसला. मला वाटते, लवकर उठण्याचा इतका चांगला उपयोग दुसरा कोणी केला नसेल.

आणखी एक उदाहरण. लिव्हरपूल क्लबाने नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात सत्त्याहत्तरावे मिनिट येताच सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून निघून गेले. संघ त्या वेळी २-० असा पुढे होता, म्हणजे रागाचे कारण खेळ नव्हता. ते गेल्यावर संघाने दोन गोल खाल्ले आणि सामना बरोबरीत सुटला. थोड्याच दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. याच क्लबाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप हे, तीनच महिन्यांपूर्वी, संघ हरत असताना लोक उठून जाताना पाहून आपल्याला एकटे वाटले, असे म्हणाले होते. परंतु त्यांनी दोष प्रेक्षकांना दिला नाही. शेवटपर्यंत काहीही घडू शकते असे लोकांना वाटायला लावणे ही आपली जबाबदारी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे हे. तास संपण्यापूर्वी मुले घड्याळाकडे बघू लागली तर दर वेळी मुलांचाच दोष असतो असे नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

२ जानेवारी १९७१. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक या हाडवैरी संघांचा सामना. सुमारे ऐंशी हजार प्रेक्षक. अगदी शेवटी सेल्टिकच्या जॉनस्टनने गोल केला आणि रेंजर्सचे पाठीराखे निराश होऊन बाहेर पडू लागले. एवढ्यात रेंजर्सच्या कॉलिन स्टाइनने बरोबरी साधली. पुढे तेरा क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसे गेली. मार्किंच नावाच्या एका लहानशा गावातील पाच शाळकरी मुले त्यांत होती. एक मुलगा तर अवघा नऊ वर्षांचा होता.

ही गोष्ट जगभर अशी सांगितली गेली की, लवकर निघालेले लोक स्टाइनच्या गोलाची आरोळी ऐकून जिन्यावरून मागे वळले, वरून येणाऱ्यांवर आदळले आणि चिरडले गेले. मीही अशीच सांगत असे. शाळेच्या संघाचा सामना अर्धवट टाकून जाणाऱ्या मुलांना थांबवण्यासाठी ती फार उपयोगी पडे. आठवी-नववीची पोरे अगदी गंभीर होऊन ऐकत. आमच्या वेळी एक मुलगा होता, दर सामन्याला शेवटची दहा मिनिटे राहिली की दप्तर उचलून निघायचा. एकदा मी त्याला फाटकाजवळ अडवले आणि सगळ्यांसमोर ग्लासगोची गोष्ट ऐकवली. तो काही बोलला नाही, खाली मान घालून उभा राहिला. त्याची एस.टी. चुकली. पुढची गाडी नव्हती. आठ-नऊ किलोमीटर तो अंधारात चालत घरी गेला, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळले.

पुढे पुष्कळ वर्षांनी त्या दुर्घटनेच्या चौकशीविषयी माझ्या वाचनात आले, तेव्हा मी चरकलो. ती कथा खरी नव्हती. चौकशीत असे निष्पन्न झाले होते की, जिन्यावरील सर्व लोक एकाच दिशेने, खालच्या बाजूस जात होते. कोणी मागे वळले नव्हते. चेंगराचेंगरी झाली तीही शेवटची शिट्टी होऊन काही मिनिटे लोटल्यावर. म्हणजे मेले ते लवकर उठलेले नव्हतेच. सामना शेवटपर्यंत पाहून, बरोबरीच्या आनंदात घरी निघालेले लोक होते. उंच, खडा जिना. दोन्ही बाजूंना लाकडी कुंपण, त्यामुळे बाजूला सरकायला जागा नाही. खाली कोणीतरी पडले आणि वरची माणसे थांबू शकली नाहीत. गर्दीला ब्रेक नसतो. आणि हा जिना काही पहिल्यांदाच बोलला नव्हता. १९६१ साली त्याच जिन्यावर दोन माणसे मेली होती, १९६७ आणि १९६९ सालीही तिथे लोक जखमी झाले होते. १९७४ साली एका विधवेच्या दाव्यात न्यायालयाने क्लबाला दोषी धरले, आणि १९७५ साली ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा आला.

मॉस्कोची हकीकत याहून वाईट. २० ऑक्टोबर १९८२ रोजी, तेव्हा लेनिन स्टेडियम म्हणत त्या मैदानावर, स्पार्टाकचा हॉलंडच्या हार्लेम संघाशी सामना होता. थंडी कडाक्याची, पायऱ्यांवर बर्फ. लोक खरोखरच शिट्टीपूर्वी निघू लागले होते. शेवटच्या क्षणी श्वेत्सोव्हने स्पार्टाकचा दुसरा गोल केला. जिन्यावर माणसे कोसळली. सरकारी आकडा इथेही ६६, बहुतेक कोवळी मुले. इथेही तीच कथा पसरली, की लोक गोल ऐकून मागे वळले. आपण तो गोल केला नसता तर बरे झाले असते, असे श्वेत्सोव्ह पुढे म्हणाला. दोष जिन्याचा आणि गर्दीच्या व्यवस्थेचा, आणि ओझे वाहिले गोल करणाऱ्या माणसाने! दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या वर्तमानपत्रात चार ओळींची मोघम बातमी आली आणि सोव्हिएत वृत्तपत्रांत त्याविषयी उघडपणे लिहिले गेले ते १९८९ साली.

ही मागे वळल्याची कथा इतकी का पसरते, याचा मी विचार केला. ती ऐकायला सोयीची आहे. तिच्यात मेलेल्यांचीच काहीतरी चूक निघते, ऐकणाऱ्याला तात्पर्य मिळते, आणि जिना कोणी बांधला, फाटके किती उघडी होती, हे विचारायचे राहून जाते. आपल्या मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर पावसात २३ माणसे गेली, तेव्हाही अफवा कोणती पसरली यावर चर्चा अधिक आणि त्या जिन्याच्या रुंदीवर कमी, असेच काही दिवस चालले होते.

तो एस.टी.चा मुलगा आता मोठा झाला आहे. मागे एका लग्नात भेटला, तेव्हा मी त्याची माफी मागितली. त्याला फाटकाजवळचा तो प्रसंग आठवत होता. ग्लासगोही आठवत होते. "सर, मी मुलांना अजून ती गोष्ट सांगतो," असे तो म्हणाला. मग तिथेच, जेवणाच्या पंगतीत, मी त्याला खरी हकीकत सांगितली. कितपत पटली ते कळले नाही.

अध्यक्षसाहेब, आता एक विनंती. या सभागृहाला दोन दरवाजे आहेत. त्यांपैकी मागच्या दरवाजाला कुलूप आहे आणि त्याच्यासमोर जुनी बाके रचून ठेवली आहेत. मी व्यासपीठावर येण्यापूर्वी पाहून आलो. आज इथे चारशेच्या आसपास माणसे आहेत. समारंभ संपण्यापूर्वी शिपायाला किल्ली आणायला सांगावी आणि वरच्या वर्गातील दहा-बारा मुलांनी ती बाके बाजूला करावीत. आणि ज्यांची साडेसहाची गाडी आहे, त्यांना आत्ताच उठायला माझी हरकत नाही.