एकवीस धांवांचें दान



पुण्याहून साताऱ्याकडे जातांना भोर तालुक्यांत किकवी नांवाचें गांव लागतें. एकदां सायंकाळीं तेथें थांबण्याचा योग आला, तेव्हां मुलांचा हुतूतू रंगांत आला होता. समोरचा धिप्पाड गडी चाल करून आला. तोंच एका लहानग्यानें त्याच्या घोट्याला मिठी मारली. तो फरफटला, पण सुटला नाहीं. मागाहून इतरांनीं झडप घालून त्या गड्याला दाबून धरलें. जयजयकार झाला तो झडप घालणारांचा. मिठी मारणारा मुलगा खरचटलेलें कोपर झटकीत आपल्या जागीं जाऊन उभा राहिला. तो मुलगा माझ्या मनांतून जाईना. म्हणूनच खेळांतील त्याग आणि ख्रिस्ती श्रद्धेंतील त्याग यांविषयीं आज दोन शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

त्याच रस्त्यानें दक्षिणेस जात राहिलें म्हणजे पुढें सांगलीकडे वळतां येतें. तेथें ११ मार्च १९१५ रोजीं एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म झाला. अ‍ॅडलेड येथें १९४८ सालीं एकाच कसोटींत ११६ आणि १४५ अशीं दोन शतकें काढणारे, आणि १९५२ सालीं मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचें नेतृत्व करणारे हजारे ते हेच. परंतु मला सांगावयाची आहे ती कथा त्यांच्या एका पराभवाची आहे.

त्या काळीं मुंबईस पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ. आणि या चोहोंत न बसणारे ते 'इतर'. मैदानावरची ही धर्मवार वांटणी महात्मा गांधींना रुचली नव्हती, व पुढें १९४६ नंतर ते सामने बंद पडले तें योग्यच झालें. हजारे ख्रिस्ती, म्हणून 'इतरां'कडून खेळत. डिसेंबर १९४३ मध्यें ब्रेबॉर्न मैदानावर हिंदूंनीं पांच गडी गमावून ५८१ धांवा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'इतरां'चा डाव १३३ धांवांत आटोपला. फॉलो-ऑन आला. दुसऱ्या डावांत संघाच्या एकूण धांवा झाल्या ३८७. पैकीं एकट्या विजय हजारे यांच्या ३०९!

हा आंकडा क्रिकेटच्या शौकिनांना तोंडपाठ आहे. परंतु त्याच्या शेजारचा एक लहान आंकडा सहसा कोणी उच्चारीत नाहीं. सहाव्या गड्यासाठीं ३०० धांवांची भागी झाली. समोरच्या टोकाला उभा होता विजयचा भाऊ विवेक. आणि त्या तीनशेंत त्याचा वांटा एकवीस धांवांचा. तो एकवीसांवरच समाधान मानून उभा राहिला म्हणून तीनशें नऊ घडले.

कोणी विचारील, "सामना तर एक डाव आणि ६१ धांवांनीं गमावला, मग त्या उभें राहण्याचें फळ काय?" प्रश्न रास्त आहे. खेळांतील त्याग बहुधा व्यवहारी असतो. पहांटे उठणें, जिभेला आवर घालणें, घाम गाळणें, हें सारें आपण करतों तें उद्यांच्या बक्षिसासाठीं. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितांना संत पौलानें शर्यतीचाच दाखला घेतला. धांवणारे पानांच्या नाशवंत मुकुटासाठीं देह कष्टवितात; मग अविनाशी मुकुटासाठीं श्रद्धावंतानें किती कष्टावें, असा त्याचा आशय आहे. दाखला समर्पक आहे, तरी एका जागीं तो अपुरा पडतो. शर्यतींत मुकुट एकालाच मिळतो. ख्रिस्ताची शिकवण तर दुसऱ्याला पुढें करण्याची.

एरिक लिडेल या स्कॉटिश धांवपटूच्या चरित्रांत हा भेद स्पष्ट दिसतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारीं पडत होती. रविवार हा ईश्वराचा दिवस, म्हणून आपल्या हातखंड्याच्या शर्यतीवर त्यानें पाणी सोडलें. चारशें मीटरचा सराव केला, आणि ती ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. जग एवढीच गोष्ट सांगतें. परंतु पुढच्याच वर्षीं कीर्ति मागें टाकून तो चीनमध्यें मिशनरी शिक्षक म्हणून गेला. १९४३ सालीं जपान्यांनीं त्याला वेइशिएन येथील छावणींत डांबलें. तेथें तो मुलांचे खेळ घेई. रविवारीं मात्र नाहीं. पण पंचावांचून खेळणारीं मुलें आपसांत भांडूं लागलीं, तेव्हां तोच लिडेल रविवारीं शिट्टी घेऊन मैदानांत उतरला. ज्या नियमासाठीं त्यानें ऑलिंपिकची शर्यत सोडली, तो नियम त्यानें त्या मुलांसाठीं सोडला. माझ्या मतें त्याचा मोठा त्याग हाच. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, मेंदूंतील गांठीच्या विकारानें त्याच छावणींत त्याचें देहावसान झालें.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. त्याग स्वेच्छेचा असेल तरच तो त्याग; दुसऱ्यावर लादला कीं तो अन्याय होतो. आपल्या घराघरांत कोणाची तरी तीनशें नऊ धांवांची खेळी चाललेली असते. कोणाची परीक्षा, कोणाची बढती, कोणाचें नांवलौकिक. समोरच्या टोकाला कोण उभें आहे? आई, बहीण, कीं शाळा सोडून नोकरीला लागलेला भाऊ? तें उभें राहणें त्यानें आपखुशीनें पत्करलें आहे, कीं आपण गृहीत धरलें आहे? आणि कधीं तरी आपण टोक बदलून त्याला खेळूं देणार आहों कीं नाहीं?

त्याचें एकवीसांचें दान निदान मोजून घ्यावें, एवढीच माझी विनंती आहे. किकवीच्या त्या मुलाच्या कोपराकडे त्या सायंकाळीं कोणीं पाहिलें नाहीं. पण गडी अडला तो त्याच्याच मिठीनें.