संगणकाची स्मृती : क्षणिक आणि टिकाऊ



ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जन्माची नोंद संगणकावर भरली जात असताना अचानक वीज जाते. ती परत आल्यावर जतन केलेल्या कालच्या नोंदी जशाच्या तशा सापडतात. अर्धवट भरलेली नोंद मात्र नाहीशी झालेली असते. संगणकाला एकच स्मृती असती, तर हा पंक्तिभेद झाला नसता.

चालू काम ज्या स्मृतीत चालते, तिची रचना अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. तीत प्रत्येक बिटासाठी, म्हणजे एका शून्यासाठी वा एकासाठी, एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठविणारे एक सूक्ष्म धारित्र असते. पण हे धारित्र गळक्या घागरीसारखे आहे. भार सतत झिरपत असल्यामुळे सर्वसाधारणपणे दर ६४ सहस्रांश सेकंदांत प्रत्येक नोंद वाचून पुन्हा लिहावी लागते. वीज गेली की हे पुनर्लेखन थांबते आणि नोंद विरून जाते.

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक संगणकात फेराइटच्या चिमुकल्या कड्या तारांत ओवलेल्या होत्या. कडीचे चुंबकत्व एका दिशेने असले तर एक, उलट असले तर शून्य. स्मृती अवघी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. पण वीज गेली तरी कडीतील चुंबकत्व कायम राही. गंमत अशी, की वाचताना मात्र ती नोंद पुसली जाई आणि लगेच पुन्हा लिहावी लागे.

हार्ड डिस्क आजही चुंबकत्वावरच चालते. पेन ड्राइव्हमधील फ्लॅश स्मृती निराळी. ती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. तीत इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थराच्या आड कोंडलेले असतात. विजेवाचून ते वर्षानुवर्षे राहतात, परंतु कायमचे नव्हे. शिवाय प्रत्येक पुसण्या-लिहिण्याने तो थर झिजतो. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. जन्माचा दाखला शाळाप्रवेशाला सहा वर्षांनी लागतो, मृत्यूचा दाखला वारसाहक्काच्या कामी कित्येक वर्षांनीही. दप्तराची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवावी आणि दोन्ही प्रती दरवर्षी उघडून पाहाव्यात.