गाडी, पाणी आणि घराचं वेळापत्रक

कल्याणहून कर्जतच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरं एकापाठोपाठ लागतात. इथल्या बहुतेक घरांचा दिवस दोन गोष्टी ठरवतात आणि दोन्ही घरातल्यांच्या हातात नसतात. एक लोकल सुटण्याची वेळ, दुसरी नळाला पाणी येण्याची वेळ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जलद गाडी मिळाली तरी एका बाजूला दीड तासाच्या आसपास जातो. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, पूल चढणं, फलाटावर थांबणं आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंतचा रस्ता धरला की जाऊन-येऊन चार तास होतात. नऊ तासांची नोकरी आणि सात तासांची झोप वजा केली तर घरासाठी जेमतेम चार तास उरतात. स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांची औषधं आणि थोडा विसावा, सगळं त्यातच.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईतल्या चाळींमधून स्वतःच्या घरासाठी अनेक कुटुंबं इकडे आली. खोल्या वाढल्या, पण कामाच्या जागा मागेच राहिल्या. चाळीत शेजारी मूल सांभाळलं जाई, कुणीतरी पाणी भरून ठेवी, टपाल घेई. ही न बोलता चालणारी व्यवस्था नव्या इमारतीत आपोआप तयार होत नाही. ती ठरवून उभी करावी लागते.

वेळापत्रक आखण्यापूर्वी वेळ कुठे जातो ते पाहायला हवं. एक आठवडा घरातल्या प्रत्येकाने उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं आणि त्याला किती वेळ लागला ते वहीत लिहावं. पोळ्यांना वीस मिनिटं लागतात असा अंदाज असतो, घड्याळ पस्तीस दाखवतं. चावी, पास किंवा चार्जर शोधण्यात रोज सकाळी जाणारी मिनिटंही अशीच दिसू लागतात.

आखणी गाडीपासून उलटी करावी. साडेसातची गाडी पकडायची असेल तर फलाटावर सात वीसला पोचायला हवं. रिक्षेची रांग आणि रस्ता धरून घर सात वाजता सोडायचं. म्हणजे डबे पावणेसातला भरलेले हवेत, आणि पोळ्या, भाजी, आंघोळी त्याआधी. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून आधी बदलापूरला जाऊन त्याच गाडीने परतणारे प्रवासी आहेत. त्यांनी हा जादा वेळही हिशेबात घ्यावा. असं मागे मोजत आलं की सकाळच्या दोन तासांत साडेतीन तासांचं काम कोंबलेलं आढळतं. पहाटे आणखी लवकर उठणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. तो वाईट उपाय आहे, कारण ती वेळ झोपेतून कापली जाते आणि आठवडाभरात आजारपणाच्या रूपाने बाहेर येते. त्यापेक्षा सकाळी करण्यावाचून गत्यंतर नाही एवढीच कामं सकाळी ठेवावीत.

पोळ्या सकाळीच लागतात, पण कणीक रात्री मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येते. पालेभाजी रात्री निवडून ठेवावी; ती धुऊन चिरायची सकाळीच, म्हणजे ताजी राहते. फरसबी, गवार, कोबी मात्र रात्रीच चिरून डब्यात भरून ठेवता येतात. मटकी किंवा मूग रविवारी रात्री भिजवले की सोमवारी सकाळी मोड यायला बांधता येतात आणि मंगळवारची उसळ निघते. ओलं वाटण दोन-तीन दिवसांपुरतंच करावं, कारण वीज गेली तर मोठा साठा वाया जातो. दप्तर, गणवेश, ऑफिसचे कपडे, पास आणि चाव्या झोपण्यापूर्वी दाराजवळच्या एकाच जागी ठेवाव्यात. पास तीन किंवा सहा महिन्यांचा काढला की दर महिन्याची तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

संध्याकाळच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. वेळेचा हा वापर मुंबईच्या बायकांनी गरजेतून शोधला आहे. तरी प्रवासाचा प्रत्येक क्षण कामाने भरण्याचा अट्टहास नको. दीड तासात मिळालेली अर्ध्या तासाची झोप किंवा मैत्रिणींशी झालेलं बोलणं घरी पोचल्यावरच्या दोन तासांना बळ देतं.

दुसरी बाजू पाण्याची. उल्हासनगरला एमआयडीसीकडून पाणी मिळतं, अंबरनाथ आणि बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं. पाऊस लांबला आणि बारवी धरणाचा साठा उतरला की आठवड्यातून एखादा दिवस पुरवठा बंद राहण्याची पाळी येते. तो वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक करावा. कपड्यांचं मशीन, चादरी, पडदे आणि लादी पुसणं त्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाला जोडावं. पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याची भांडी वेगळी ठेवावीत, दोन्हींना घट्ट झाकण हवं. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं केलं नाही तर त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. पाणी भरण्याचं काम ज्याची गाडी सर्वांत उशिराची त्याच्याकडे असावं. बहुतेक घरांत ते सर्वांत आधी निघणाऱ्या बाईकडेच असतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं आढळलं, की देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. अशी विभागणी असलेल्या घरात कितीही सुबक तक्ता लावला तरी तो एकाच माणसाच्या अंगावर पडतो. म्हणून तक्त्यात कामासमोर नाव हवं आणि ते काम त्या माणसाचं पूर्ण हवं. भाजीची जबाबदारी घेणाऱ्याने काय संपलं आहे ते पाहणं, स्टेशनबाहेरच्या बाजारातून आणणं आणि जागेवर लावणं हे सगळं स्वतः करावं. काय आणायचं ते दुसऱ्याने आठवून सांगायचं असेल तर डोक्यावरचा भार तसाच राहतो. आठ-नऊ वर्षांचं मूल पाण्याच्या बाटल्या भरू शकतं, ताटं मांडू शकतं, स्वतःचं दप्तर लावू शकतं.

उल्हासनगरमधल्या अनेक घरांत गाडीची घाई नसते, तरी वेळेची ओढाताण तेवढीच असते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये वसवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यात ‘कॅम्प’ आजही लिहिला जातो. हे शहर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे आणि धागे कापण्यासारखी कामं बायका घरी नगावर करतात. घरी असलेली बाई मोकळीच आहे असं धरून घरातले आणि शेजारचेही तिला कामं सांगत राहतात. नग मग रात्री बारापर्यंत चालतात. नगाच्या कामाला दिवसातले ठरलेले तास द्यावेत, मुलं शाळेत असतानाचे सर्वांत बरे, आणि त्या तासांत इतर काम सांगायचं नाही हे घरात ठरावं. जागा खिडकीजवळची, उजेडाची असावी, चुलीपासून दूर असावी. कात्री आणि सुया एकाच झाकणाच्या डब्यात जाव्यात. किती नग आले, किती परत गेले, किती पैसे मिळाले याची तारीखवार नोंद ठेवली तर देण्याघेण्यात वाद राहत नाही आणि तासाला किती सुटतं तेही समजतं.

नोंदींसाठी भिंतीवरचं कॅलेंडर अजूनही सर्वांत उपयोगी. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, नवा सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची रजा लिहिण्याची सवय मराठी घरांना लागली. फोनवरची आठवण एकालाच दिसते, भिंतीवरची सगळ्यांना. त्यातच वीजबिल, शाळेची फी आणि औषधं संपण्याची तारीख लिहावी. रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, म्हणून दादर-ठाण्याचं जाणं ठरवण्यापूर्वी शनिवारी त्याची घोषणा पाहावी.

सामानाच्या बाबतीत नियम एवढाच, की रोजचं हाताशी, महिन्याचं वरच्या फळीवर, वर्षाचं माळ्यावर. कागदपत्रांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात या पट्ट्यातल्या अनेक घरांत पाणी शिरलं. वालधुनी नदीच्या काठची आणि बदलापूर पश्चिमेची उल्हास नदीजवळची वस्ती मोठ्या पावसात आजही धोक्यात येते. शिधापत्रिका, आधार, घराचा करारनामा, शाळेचे दाखले आणि विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, डोक्यापेक्षा उंच जागी ठेवावेत. त्यांची चित्रं फोनमध्ये आणि मिळतील ती प्रमाणपत्रं डिजिलॉकरमध्ये असावीत.

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी कल्याणच्या पुढे लोकल जात नाही. तेव्हा पाळणाघरातून मुलाला कोण आणेल, घराची दुसरी चावी कुणाकडे असेल, अडकलेल्याने ठाण्याला किंवा डोंबिवलीला कोणत्या नातेवाइकांकडे मुक्काम करायचा, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवावं. पाळणाघराला मुलाला नेणाऱ्या शेजाऱ्यांचं नाव लेखी द्यावं. फोनची बॅटरी संपते, म्हणून चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून मुलाच्या दप्तरात आणि प्रत्येकाच्या पासच्या पाकिटात ठेवावेत.