जीर्णोद्धार कलावंतांचाही



जीर्णोद्धार मंदिराचा होतो, तसा विस्मृतीत गेलेल्या कलावंताचाही व्हावा लागतो. दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या पुरुषाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. ‘कालिया मर्दन’मधला (१९१९) बाळकृष्ण म्हणजे त्यांचीच कन्या मंदाकिनी. पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट.

१९३९ मध्ये सिनेव्यवसायाच्या रौप्यमहोत्सवात पुढच्या पिढीतील व्ही. शांताराम यांनी त्यांच्यासाठी मदतीचे आवाहन केले. जमलेल्या रकमेत प्रभात कंपनीने भर घालून ५,००० रुपये पुरे केले. त्यातून नाशकात त्यांचे घर उभे राहिले. १९४४ मध्ये फाळके निवर्तले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साठी प्रथम दिला गेला. तो मान त्यांनी पाहिला नाही. डोक्यावरचे छप्पर मात्र पाहिले.

इटियाडोहचा हा मुलूख झाडीपट्टीचा. मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत रंगविणारे हात आता थकले असतील. मंदिराचे काम पार पडले. तरुणांनी आता त्या वृद्धांच्या दारी जावे, त्यांची गाणी उतरून घ्यावी. मरणोत्तर हारापेक्षा हयातीतली शाल मोलाची.