शमी, बन्नी आणि माझी एक चूक

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



झाडांवर बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हणालो होतो. मी स्थापत्यचा डिप्लोमावाला, वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. पण रुळाच्या कडेने चालण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या वाटेवर जी झाडे भेटली, त्यांच्याविषयी थोडे सांगतो. सुरुवात बाप्पापासूनच करू.

गणपतीच्या पूजेला एकवीस पत्री लागतात. बाजारातून जुडी आणायची आणि न सोडता गुरुजींच्या हाती द्यायची, अशी आपली पद्धत. यंदा मी जुडी घरी सोडून पाहिली. दूर्वा, बेल, तुळस, माका, आघाडा, रुई, कण्हेर ओळखू आले. शमी म्हणून घातलेली काटेरी डहाळी मात्र शमी नव्हती. ती होती वेडी बाभूळ, जिला इथले लोक 'बळ्ळारी जाली' म्हणतात. ही परदेशातून आणलेली. शमी मूळची आपली.

पण विकणाऱ्या बाईंना मी कोणत्या तोंडाने बोलणार? हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही सरकारी कागदावर.

उत्तर कर्नाटकात दुहेरीकरणाच्या कामावर होतो. तोडायच्या झाडांची यादी करणे माझ्याकडे होते. क्रमांक, बुंध्याचा घेर, नाव. संध्याकाळ होत आली होती. एका काटेरी झाडापुढे मी 'जाली' असे लिहिले आणि पुढे गेलो. जालीची चौकशी कोणी करत नाही. आठवड्याने झाड पडले. निवृत्तीला आलेला एक गँगमन बुंध्याजवळ उभा होता. तो कानडीत म्हणाला, "साहेब, ही बन्नी होती. दसऱ्याला आमच्या गावची पालखी इथपर्यंत यायची."

बन्नी म्हणजेच शमी. आपण दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देतो, इकडे बन्नीची देतात. खरे सांगायचे तर रुळाची आखणी बदलली नसती, झाड कदाचित तरीही गेले असते. पण गावाला आधी कळले असते. त्यांनी शेवटची पूजा केली असती, शेंगा जपून ठेवल्या असत्या, दुसरीकडे रोप लावले असते. माझ्या एका शब्दाने ते राहून गेले. म्हातारा रागावला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्यानंतर मी दोन्ही झाडे हाताने ओळखायला शिकलो. पाने दोन्हींची बारीक, फुलांचे तुरे दोन्हींचे पिवळसर, त्यामुळे लांबून फसगत होते. काटा बघा. वेड्या बाभळीचे काटे पान फुटते त्या पेरावर असतात, बहुधा जोडीने. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पेरांच्या मधल्या भागात कुठेही विखुरलेले. शेंगही वेगळी. शमीची बारीक, लांब, काडीसारखी. वेड्या बाभळीची जाड आणि चपटी.

उपयोगाचे म्हणाल तर राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात. कोवळ्या शेंगांची 'सांगरी'ची भाजी करतात, पाला जनावरांना घालतात, आणि शेतातल्या खेजडीखाली पीक चांगले येते म्हणून तिला राखतात. 1730 साली जोधपूरजवळ खेजडलीला ही झाडे वाचवताना अमृतादेवींसह 363 बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. आणि आम्ही यादीत 'जाली' लिहून मोकळे!

पत्रीतले दुसरे झाड अर्जुन. लोंढ्याहून कॅसलरॉककडे गाडीने जाताना जंगलात ऐन पुष्कळ दिसतो. त्याला कानडीत मत्ती म्हणतात, आणि अर्जुनाला होळेमत्ती. होळे म्हणजे नदी. पाण्याकाठची मत्ती ती अर्जुन, एवढे नावच सांगते. दोघे सख्खे नातलग, पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, तर अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, ढलप्यांनी सुटणारी. लाकूड ऐनाचे कणखर. अर्जुनाच्या सालीचा काढा आयुर्वेदात हृदयासाठी सांगितला आहे, पण वैद्यांना विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये.

देवदारही एकवीसांत आहे. तो हिमालयातला. आम्हा रेल्वेवाल्यांचे त्याच्याशी जुने नाते, कारण उत्तरेतल्या रुळांखाली देवदाराचे स्लीपर असायचे. डोंगरात तोडलेले लाकूड नद्यांतून वाहत खाली आणत. आता सगळीकडे काँक्रीट आले आणि आमच्या नव्या पोरांना लाकडाची जात ओळखायची गरज उरली नाही.

जाता जाता एक सूचना, विशेषतः लहान मुले असलेल्या घरांना. धोत्रा, कण्हेर आणि रुई या तिन्ही पत्री विषारी आहेत. देवाला जरूर वाहा, पण मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, आणि निर्माल्य गाईपुढे टाकू नका.

मागच्या टेबलावर शमी, वेडी बाभूळ, ऐन आणि अर्जुन यांच्या डहाळ्या व साली ठेवल्या आहेत. चिठ्ठ्या मुद्दामच लावलेल्या नाहीत. प्रसादाला जाण्याआधी हात लावून बघा, काटे जपून. कोणती कोणाची ते मी तिथेच उभा राहून सांगतो.