सतरा ठिकाणं आणि एक चिंच

(अर्धापूर येथे १९८४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत असताना मी भाषणाला एकदाच उभी राहिले होते. तिसऱ्या वाक्याला विसरले आणि रडत खाली उतरले. ते बघणारे निम्मे लोक आज इथे समोर बसलेत, म्हणून या वेळी कागद आणलाय.

पुढच्या हिवाळ्यात आपण सगळे दोन दिवस हैदराबादला जायचं ठरतंय. मी तिथे राहते, म्हणून ‘काय काय बघायचं ते तू सांग’ असं आयोजकांनी मला सांगितलं. सांगायच्या आधीच ग्रुपवर यादी आली. चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, सालारजंग, बिर्ला मंदिर, हुसेनसागर, रामोजी फिल्म सिटी, प्राणिसंग्रहालय, मोत्यांची खरेदी... मोजली तर सतरा ठिकाणं. मी ती यादी घरी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, “यांना सहल काढायची आहे की पंचनामा करायचाय?”

मी १९८९ साली लग्न होऊन हैदराबादला गेले. तेव्हा नांदेडहून मीटरगेजची गाडी रात्रभर डुलत काचीगुड्याला पोचायची. आमचं घर स्टेशनपासून जवळ. हेच घराचं वैशिष्ट्य ठरलं. छत्तीस वर्षांत अर्धापूर, मालेगाव, वसमत या बाजूचा किती माणूस आमच्या घरी उतरला त्याचा हिशेब नाही. आणि खरं सांगते, त्यातले फार थोडे हैदराबाद बघायला आले. बाकीचे सगळे एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा घेऊन आले. आपल्याकडे मोठा आजार म्हटला की जुन्या लोकांच्या तोंडी हैदराबादच यायचं. डॉक्टरांनी उद्याची तारीख दिली की मग एक दिवस मोकळा. मग पाहुणे हळूच म्हणायचे, “आलोच आहोत तर चारमिनार बघून घेऊ की.”

त्या मोकळ्या एका दिवसाची आखणी करत करत मी शिकले. पहिला धडा शुक्रवारचा. लग्नाला सहा महिने झाले नव्हते. मामा-मामी आले, मी मोठ्या रुबाबात त्यांना सालारजंग बघायला घेऊन गेले. दार बंद! सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि चौमहल्ला पॅलेसही शुक्रवारी बंद. त्यात मक्का मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी, म्हणजे चारमिनारचा सगळा भाग माणसांनी भरलेला. मामी उन्हात पायरीवर बसली आणि म्हणाली, “बाहेरून पण छान दिसलालंय की.” तेव्हापासून मी पाहुण्यांना तब्येतीच्या आधी वार विचारते. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा, शनिवार आणि रविवार. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं, पण ते मी यादीतून आधीच काढलंय. नातवंडं बरोबर नसताना वाघ बघायला एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही, हे माझं मत. ज्याला वाघ हवाच आहे त्याने हात वर करावा.

दुसरी गोष्ट दिशांची. यादी करणारा माणूस नावं एकाखाली एक लिहितो, शहर मात्र तसं वसलेलं नसतं. चारमिनार, मक्का मशीद, लाड बाजार आणि चौमहल्ला हे सगळं पायी होणारं. सालारजंग तिथून दीडेक किलोमीटरवर, मुसी नदीच्या काठाला. हा झाला एक दिवस. गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे, ज्यांना तिथले लोक सात गुंबज म्हणतात, ते शहराच्या पश्चिमेला, एकमेकांच्या शेजारी. तो दुसरा दिवस. रामोजी एकदम उलट्या बाजूला, शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथे सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळीच बाहेर पडतो. तेव्हा रामोजी घेतलं तर एक अख्खा दिवस गेला. दोन्ही हवं म्हणाल तर मधे फक्त रस्ता बघाल. मेट्रो २०१७ पासून आहे, पण ती चारमिनारपर्यंत जात नाही. एमजीबीएसला उतरून ऑटो करावी लागते.

आता सालारजंगबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बहुतेक लोक ते चुकीच्या पद्धतीने बघतात. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, यांनी आणि त्यांच्या वाडवडिलांनी जमवलेल्या वस्तूंचा हा संग्रह. १९५१ साली तो लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ पासून आजच्या इमारतीत आहे. सगळी दालनं बघायची म्हटली तर पाय मोडतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. माझ्या पाहुण्यांना मी तीनच गोष्टी दाखवते. एक रिबेका. इटलीच्या बेंझोनी नावाच्या शिल्पकाराने केलेला संगमरवरी पुतळा आहे. तिच्या चेहऱ्यावरचा पदरसुद्धा दगडाचाच आहे, आणि त्या दगडातून चेहरा दिसतो. आमची एक वहिनी तिथे अर्धा तास उभी होती. दुसरा लाकडाचा पुतळा, पुढून पुरुष आणि मागून बाई. मागे आरसा लावलाय त्यामुळे दोन्ही एकदम दिसतात. आणि तिसरं ते घड्याळ. दर तासाला त्यातून एक छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि जितके वाजले तितके टोले देतो. लोक दहाला पोचतात, दहा टोले ऐकून पुढे जातात. तुम्ही रिबेका आधी बघा आणि पावणेबाराला घड्याळासमोर जागा धरा. बारा टोले ऐका. त्याच तिकिटात दोन जास्तीचे! अर्धापूरच्या माणसाला हा हिशेब लगेच पटेल.

गोवळकोंड्याचा मुद्दा जरा अवघड आहे, कारण तो गुडघ्यांचा मुद्दा आहे. वर बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. आपल्या वर्गात आता सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या खालचं कोणी नाही. गुरुजनांपैकी जे येणार आहेत त्यांचं वय मी सांगत नाही. दर सहलीत असं होतं की धडधाकट लोक वर जातात आणि बाकीचे खाली पिशव्या सांभाळत बसतात. पिशव्या सांभाळणाऱ्यांत बायका जास्त असतात, हे मी छत्तीस वर्षं बघितलंय. पण गोवळकोंड्याची एक गंमत आहे. खाली दरवाज्याजवळच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू येते. किल्ल्यावर कोण आलं याची वर्दी द्यायची ती सोय होती. तेव्हा खाली राहणाऱ्यांना पिशव्या द्यायच्या नाहीत, काम द्यायचं. पंधरा जण वर, पंधरा खाली. खालच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि वरच्यांनी किती ऐकल्या ते फोनवर सांगायचं. चुकीचा आकडा सांगणाऱ्याने चहा पाजायचा. संध्याकाळी तिथे ध्वनिप्रकाशाचा खेळ असतो, तो बसून बघायचा असतो. तो सगळ्यांना जमतो.

आता मूळ सांगायचं ते सांगते.

माझी आई माझ्याकडे पंचवीस वर्षं येत होती. माझ्या दोन्ही बाळंतपणांना आली, भावाच्या ऑपरेशनला आली, शेजारच्या काकूंना डोळे दाखवायला घेऊन आली. दर वेळी मी म्हणायचे, “आई, उद्या चारमिनार बघू.” ती म्हणायची, “माझं काय माय, पुन्हा कधी बघीन की.” आणि स्वयंपाकाला लागायची. २०१४ साली ती आली तेव्हा घरात आजारी कोणी नव्हतं. मी मोठ्या उत्साहाने दोन दिवसांची आखणी केली. आधी बिर्ला मंदिर, कारण आई देवभोळी. मग चारमिनार, मग सालारजंग. तिला वाचून दाखवलं. ती गप्प राहिली. मी विचारलं, “काय गं, अजून काही बघायचंय का?”

म्हणाली, “ती चिंच आहे का अजून?”

मला कळेना. मग उलगडा झाला. १९९१ साली बाबा उस्मानिया दवाखान्यात महिनाभर होते. आत एकालाच बसू द्यायचे, म्हणून मी आणि आई आळीपाळीने थांबायचो. पाळी नसेल तेव्हा आई आवारातल्या चिंचेखाली बसायची. डबा तिथेच, झोप तिथेच. ते झाड साधं नाही, हे मला नंतर समजलं. १९०८ साली सप्टेंबरमध्ये मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं वाहून गेली, तेव्हा त्या चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बाबा तिथून बरे होऊन घरी आले.

आम्ही सकाळी तिथे गेलो. झाड होतं. आई बुंध्याला हात लावून थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली. मी पुराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं.” तिथून सालारजंग जवळ. बारा टोले ऐकले. चारमिनारला गेलो, लाड बाजारातून तिने लाखेच्या बांगड्या घेतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भाव कमी करण्यावरून भांडली. इराणी चहात उस्मानिया बिस्कीट बुडवून खाल्लं. बिर्ला मंदिर राहिलंच. त्याची तिने कधी आठवणही काढली नाही. पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले आणि हैदराबाद संपलं.

पंचवीस वर्षं मी तिला ‘काय दाखवू’ असंच म्हणत राहिले. तिला काय बघायचंय, हे एकदाच विचारलं.

म्हणून मी यादीवर बोलायच्या आधी आठ दिवस काही जणांना फोन केले. एका मैत्रिणीने सांगितलं, मला काहीच बघायचं नाही, मला फक्त कोणीतरी वाढलेलं गरम जेवायचंय. मंजूर. आणि आपले सर. ते आज समोर बसलेत म्हणून त्यांना विचारूनच सांगते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. सर शिकले नांदेडला, पदवीवर नाव उस्मानियाचं, आणि सरांनी ते विद्यापीठ आजवर पाहिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “त्या आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांवर एकदा उभं राहायचंय. चढायच्या नाहीत, नुसतं उभं राहायचंय.” १९३९ साली उभी राहिलेली ती इमारत ग्रुपच्या सतरांत नव्हती. आता ती पहिली आहे. शनिवारी सकाळी गाडीतून उतरलो की चहा घेऊन आधी तिथे.

बाकीचं असं ठरवलंय. शनिवारी सरांच्या पायऱ्या, मग सालारजंग आणि चारमिनार. रविवारी दुपारनंतर गोवळकोंडा. रविवारची सकाळ मी मुद्दाम रिकामी ठेवलीय, ती तुमच्यासाठी. बाहेर जेवणाच्या टेबलाजवळ केळ्यांच्या घडांशेजारी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच जागा लिहून त्यात टाकायची. दवाखाना असला तरी चालेल, कोणाचं जुनं घर असलं तरी चालेल. गुडघ्यांचं चिठ्ठीच्या मागे लिहा, म्हणजे ऑटो किती लागतील ते मला कळेल. पेन सुतळीने बांधलाय. तो कोणी घरी नेऊ नये.