आजीबद्दल खरं बोलताना



१८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय संविधान केंद्रात बराक ओबामा बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांची उमेदवारीच पणाला लागली होती. ज्यांनी त्यांचं लग्न लावलं, मुलींचा बाप्तिस्मा केला, त्या पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांतले अमेरिकेवर आग ओकणारे तुकडे टीव्हीवर सारखे फिरत होते. हात झटकून मोकळं होणं सोपं होतं. ओबामा ३७ मिनिटं बोलले. पाद्रींचं चुकलंच, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा, नाकारलेली घरकर्जं सोसलेल्या पिढीचा राग कुठून येतो, तेही सांगितलं. गोऱ्या कामगाराच्या मनातली सलही त्यांनी वाऱ्यावर सोडली नाही.

आणि मग आजी. हवाईत त्यांना वाढवणारी, जिवापाड माया करणारी गोरी आजी. रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या माणसाची आपल्याला भीती वाटते, अशी कबुली तिनं दिली होती. तिच्या तोंडून असंही काही निघायचं की नातवाच्या अंगावर काटा यायचा. तरी पाद्रींना टाकणं म्हणजे या आजीलाच टाकणं, असं ते म्हणाले.

इथं मी थांबलो. पुढचं भाषण मी दुसऱ्या दिवशी ऐकलं.

आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कपबशी पालथी असायची. कपाच्या कानाचा टवका उडालेला. शेतावर राबणाऱ्या काकांची ती. माझी आजी त्यांच्या चहात मूठभर गूळ जास्त घालायची आणि चहा वरून, धार धरून ओतायची. प्यायल्यावर काका कपबशी स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. मी कॉलेजात समतेवर बोलून वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या. त्या भाषणांत आजी कधीच नव्हती.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना; आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. ते काम तिथंही अपुरंच राहिलं होतं, हे १३५ वर्षांनी त्या व्यासपीठावरून कुणीतरी स्वतःच्या घरापासून सुरुवात करून सांगत होतं. म्हणून ते मला इतकं लागलं.

सहाच आठवड्यांत पाद्रींनी पुन्हा जाहीर वक्तव्यं केली आणि ओबामांनी त्यांच्याशी नातं तोडलं. तुमच्यापासून हे लपवणं बरोबर नाही. माणसं धरून ठेवणं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. त्या मार्चमधला प्रयत्न त्यामुळे माझ्या लेखी कमी होत नाही. त्यांची आजी मात्र शेवटपर्यंत त्यांची राहिली. नातू निवडून यायच्या अगदी तोंडावर ती गेली.

पुढच्या वर्षी आमचं गावचं घर उतरवलं. भांडी भावंडांनी वाटून घेतली. ती कपबशी कुणी मागितली नाही, म्हणून मी आणली. लेकीनं विचारलं, “बाबा, ही कुणाची?”

त्या रात्री जेवणं लांबली. मी तिला पणजीबद्दल सगळं सांगितलं. चहातला गूळही आणि कोनाडाही.